रुग्णाच्या कागदांवर पहिला हक्क रुग्णाचा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

‘नवीन कायदा आला आहे, पेशंटची माहिती कुणालाही देता येत नाही,’ हे वाक्य अलीकडे मुंबईतल्या रुग्णालयांच्या खिडक्यांवर वारंवार कानी पडू लागले आहे. हा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. केस पेपर लावणे, शोधणे, सांभाळणे आणि मागणाऱ्याला ते द्यायचे की नाही हे ठरवणे यातच माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे रुग्णाची माहिती जपण्याचा कायदा कडक होतो आहे, याचा मला आनंदच झाला होता. परंतु अलीकडे माझे थोरले बंधू आजारी पडले, त्या वेळी याच कायद्याच्या नावाखाली आमच्या कुटुंबाला जे सोसावे लागले, ते पाहून हे पत्र लिहिणे मला भाग पडले आहे.

बंधूंना अर्धांगाचा झटका आला आणि उपनगरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांना दाखल करावे लागले. वाचा गेली होती, उजवा हात हलत नव्हता. चौथ्या दिवशी आणखी एका मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे असे घरात ठरले, म्हणून वहिनींनी एमआरआयचा अहवाल आणि तोवरच्या उपचारांच्या कागदांची प्रत मागितली. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय कागद देता येत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या माणसाला पेन धरता येत नाही आणि ‘हो’ म्हणता येत नाही, त्याची लेखी संमती आणायची कुठून, या प्रश्नाला खिडकीतल्या मुलीकडे उत्तर नव्हते. तिला जे पढवले होते तेच ती सांगत होती, तिला मी दोष देत नाही. मात्र त्याच वहिनींची सही उपचारांच्या संमतिपत्रावर, अनामत रकमेच्या कागदावर आणि विम्याच्या कॅशलेस अर्जावर बिनतक्रार चालली होती. विमा कंपनीच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीएकडे बंधूंचे सगळे कागद पहिल्याच दिवशी गेले होते. तिसऱ्या दिवशी तर घरपोच नर्स आणि फिजिओथेरपी पुरवणाऱ्या एका व्यवसायाचा फोन माझ्या पुतण्याला आला. बोलणाऱ्याला बंधूंचे नाव, वय आणि कोणती बाजू लुळी पडली आहे हेही ठाऊक होते. त्याला हे कुणी सांगितले, ते आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. वहिनींच्या हातात प्रत पडायला पाच दिवस लागले.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची ती रुग्णासाठी, आणि ती गुप्तता रुग्णाच्या मालकीची असते. रुग्णालय तिचे केवळ राखणदार आहे. राखणदाराने घरधन्यालाच उंबऱ्याबाहेर उभे करावे आणि मागचे दार उघडे ठेवावे, असे आज अनेक ठिकाणी होत आहे. हे अज्ञानातून होते की सोयीसाठी होते, हे प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारावे.

याबाबत कायदा संदिग्ध आहे असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. १९९६ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे की, रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या प्रती मागितल्यास त्या दिल्या पाहिजेत आणि तिथे रुग्णालयाला वा डॉक्टरला गोपनीयतेची सबब पुढे करता येणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या सोबत्याने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्याच संहितेत रुग्णाचे गुपित फोडण्यास मनाई आहे आणि तिला मोजके अपवाद आहेत: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे सक्तीचे असलेले रोग. म्हणजे कागद कुणाला द्यायचे आणि कुणापासून राखायचे, या दोन्ही गोष्टी एकाच संहितेत शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा तो व्यक्तीचा हक्क म्हणून सांगितला. कुठल्या संस्थेचे कवच म्हणून नव्हे.

रुग्णालयांची अडचण मला कळत नाही असे कृपया समजू नये. नाही म्हणायची वेळ माझ्यावर शेकडो वेळा आली आहे. एकदा एक गृहस्थ खिडकीशी आले आणि एका मुलीचे नाव व दाखल झाल्याची तारीख सांगून तिचे पेपर मागू लागले. मी नाते विचारले तेव्हा ते मुलीकडचे नव्हेत, तर तिला सून करून घेऊ पाहणाऱ्या घरातले आहेत असे निघाले. तिला ‘काय झाले होते’ हे त्यांना लग्नाची बोलणी पुढे नेण्याआधी जाणून घ्यायचे होते. दुसऱ्या एका प्रसंगी वडिलांच्या मानसिक आजाराचे कागद मागायला एक मुलगा आला. ते मृत्युपत्राच्या वादासाठी हवे होते, आणि त्याच्या मागोमाग दोन दिवसांनी त्याचा भाऊ तेच कागद मागायला आला. पत्नीचे कागद मागणारे पती, मोलकरणीचा रिपोर्ट मागणाऱ्या मालकीणबाई, कामगाराला क्षयरोग आहे का एवढेच विचारणारे मुकादम, असे कितीतरी लोक येत. काही चिडत, काही रडत, काही नगरसेवकांकडून फोन आणवत. ‘नातेवाईक’ हा शब्द म्हणायला सोपा आहे. पण समोर उभा असलेला नातेवाईक रुग्णाच्या बाजूचा आहे की रुग्णाच्या विरुद्ध आहे, हे ओळखणे फार कठीण असते.

तरीही आम्ही मार्ग काढत असू. रुग्ण शुद्धीवर असेल तर वॉर्डात जाऊन त्यालाच विचारायचे. सही येत नसेल तर सिस्टरसमोर अंगठा घ्यायचा. रुग्ण बेशुद्ध असेल तर दाखल करताना केस पेपरवर ज्याचे नाव जवळचा नातेवाईक म्हणून लिहिले आहे त्याला, ओळखपत्र पाहून, रजिस्टरमध्ये नोंद करून, शिक्का मारलेली प्रत द्यायची. पोलीस प्रकरणाचे कागद असतील तर पोलिसांच्या वा न्यायालयाच्या पत्राशिवाय मूळ पेपर हलवायचा नाही. या साऱ्याला संगणक लागत नसे. लागत असे तो एक कर्मचारी, ज्याला कुणाला काय विचारायचे ते शिकवलेले आहे आणि ज्याच्या ‘नाही’ला वरिष्ठांचे पाठबळ आहे. आज अनेक रुग्णालयांत रेकॉर्ड विभाग म्हणजे कंत्राटी पद्धतीने नेमलेली, दर वर्षी बदलणारी मुले असतात. त्यांना कायद्यातली दंडाची रक्कम तेवढी सांगितलेली असते, मग ती घाबरून सरसकट सगळ्यांनाच नकार देतात.

गुप्तता कशी राखावी याचा एक उत्तम नमुना आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, तो म्हणजे गर्भपातासंबंधीच्या कायद्याखालील नियम. त्यात स्त्रीचे संमतिपत्र पाकिटात घालून, ते सीलबंद करून त्यावर ‘गुप्त’ असे लिहायचे असते. प्रवेश नोंदवही संस्थाप्रमुखाच्या ताब्यात असते. आणि त्या नोंदवहीखेरीज केस पेपर, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर वा अन्य कुठल्याही कागदावर त्या स्त्रीचे नाव न घालता केवळ अनुक्रमांक घालायचा असतो. मी नोकरीला लागले तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवले. लाखेचे सील, पाकीट आणि एक क्रमांक एवढ्यावर कितीतरी बायकांची अब्रू राखली गेली.

एचआयव्हीच्या बाबतीत मात्र आम्ही कमी पडलो, हे मी कबूल करते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा एक संकेतांक बी २४ असा आहे. आजाराचे नाव कागदावर येऊ नये म्हणून हा आकडा लिहिला जाई आणि लिहिणाऱ्याला आपण गुपित राखले असे वाटे. परंतु ट्रॉली ढकलणाऱ्या मामांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना त्या आकड्याचा अर्थ ठाऊक झाला होता. वॉर्डात ‘चोवीस नंबर’ म्हणून कुणाचा तरी उल्लेख होई आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक आपली पाण्याची बाटली उचलून दुसरीकडे ठेवत. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही बाब उघड करण्यास मनाई केली आहे आणि ही माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याबरोबरच स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्याचा हक्कही दिला आहे. त्या कायद्यात हे दोन्ही हक्क जवळजवळच्या कलमांत आहेत. कायदा करणाऱ्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही. तो रुग्णालयाच्या खिडकीत निर्माण झाला.

आता नव्या कायद्याविषयी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रुग्णालयांच्या बैठकांत हाच आकडा सर्वाधिक गाजतो. पण त्याच कायद्यात जिवावरच्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा आहे, हे तिथे क्वचितच सांगितले जाते. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे, हेही सांगितले जात नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद आणखी वेगळीच आहे. आपण मरण पावलो किंवा शरीराने वा मनाने असमर्थ झालो तर आपल्या माहितीसंबंधीचे हक्क आपल्या वतीने कुणी बजावायचे, त्या व्यक्तीचे नामनिर्देशन करण्याचा हक्क या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. माझ्या बंधूंसारख्या, वाचा गेलेल्या रुग्णासाठीच जणू ही तरतूद लिहिली आहे. बँकेत खाते उघडताना नॉमिनीचे नाव विचारतात, तसे रुग्णालयात दाखल करताना ‘तुमचे कागद कुणाला द्यावेत आणि कुणाला देऊ नयेत’ हे दोन ओळींत विचारून घेतले तर निम्मे तंटे जागच्या जागी मिटतील.

या कायद्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तो फक्त डिजिटल किंवा पुढे डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत आजही जो कागद रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वॉर्डाच्या टेबलावर आणि तळघरातल्या फडक्यांत बांधलेल्या गठ्ठ्यांत असतो, तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. जुलै २०२४ मध्ये शहरातील एका मोठ्या पालिका रुग्णालयाचे सीटी स्कॅनचे जुने कागद रद्दीत गेले आणि रुग्णांची नावे दिसणाऱ्या कागदी प्लेट त्यांतून तयार झाल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, ती पाहून मला रात्री झोप आली नाही. ज्या गठ्ठ्यांवर आम्ही वर्षानुवर्षे वाळवी लागू नये म्हणून औषध मारले, त्यांचे असे व्हावे! दुसरी उणीव अशी की, २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढली होती. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही, तेव्हा एखाद्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याचा कर्करोग यांना एकच माप लागते. शिवाय दंडाची सारी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होते, आणि बाधित व्यक्तीला नुकसानभरपाई मागता येईल असे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम या कायद्याने वगळण्यात येते. ज्याचे गुपित फुटले त्याच्या पदरात काहीच पडत नाही, ही गोष्ट लोकप्रतिनिधींनी संसदेत पुन्हा मांडली पाहिजे.

रुग्णालयांवरील भार खरा आहे आणि तो सर्वांवर सारखा नाही. मोठ्या खासगी रुग्णालयांकडे वकील आहेत, संगणक विभाग आहे. गिरगावातल्या किंवा डोंबिवलीतल्या दहा-बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये एकच संगणक असतो आणि त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. अशा डॉक्टरांना कोट्यवधींच्या दंडाची भीती घालण्यापेक्षा कमी खर्चात काय करता येईल ते शासनाने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी शिकवावे. आणि मोठ्यांनीही आपण सुरक्षित आहोत असे मानू नये; नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला कित्येक दिवस कागद आणि पेनावर काम चालवावे लागले होते.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर एक्स-रेचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवतो आणि पाच मिनिटांत निर्णय होऊन रुग्ण शस्त्रक्रियेला जातो, हे मी पाहिले आहे आणि त्यातून जीव वाचलेलेही पाहिले आहेत. त्यावर सरसकट बंदी घालणे म्हणजे रुग्णाचेच नुकसान करणे होय. फोटो काढताना नावाची पट्टी झाकावी, काम झाल्यावर तो पुसावा आणि पन्नास जणांच्या गटावर न टाकता ज्याला विचारायचे त्यालाच पाठवावा, एवढी शिस्त मात्र पहिल्या वर्षापासून लावता येईल. करोनाच्या पहिल्या लाटेत चाळींत आणि सोसायट्यांत बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या, दारांवर फलक लागले, बरे होऊन आलेल्या माणसांना शेजाऱ्यांनी जिना चढू दिला नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले, तोवर ज्यांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

आणि खासगीपणाची सर्वांत मोठी हेळसांड संगणकात होतच नाही, ती आवाजात होते. बाह्यरुग्ण विभागात एकाच टेबलाभोवती तीन रुग्ण उभे असतात आणि डॉक्टर चौथीला विचारतात, ‘पाळी कधी आली होती?’ केस पेपरच्या खिडकीवर ‘कोणता आजार?’ हा प्रश्न काचेपलीकडून ओरडून विचारला जातो आणि रांगेतल्या चाळीस माणसांदेखत त्याचे उत्तरही ओरडूनच द्यावे लागते. राउंडच्या वेळी वीस विद्यार्थ्यांच्या घोळक्यात एखाद्या बाईच्या अंगावरचे पांघरूण बाजूला केले जाते. विद्यार्थ्यांनी शिकलेच पाहिजे, आपल्या पुढच्या पिढ्यांचे डॉक्टर याच वॉर्डांत घडतात. पण आधी ‘मावशी, ही मुले तुम्हाला तपासतील, चालेल ना?’ असे विचारायला आणि खाटेभोवतीचा पडदा ओढायला कितीसा वेळ लागतो? परळ, शीव, मुंबई सेंट्रल येथील रुग्णालयांतली गर्दी मला नवी नाही. जागा नाही हे खरे आहे. तरीही खिडकीपुढे जमिनीवर एक पिवळी रेघ आखून पुढचा माणूस त्या रेघेमागे उभा करणे, नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारणे, मोडलेल्या पडद्यांच्या जागी नवे लावणे, यांपैकी कशालाही नव्या इमारतीची गरज नाही.

माझी महापालिकेच्या आरोग्य खात्याला, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि खासगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे की, नव्या कायद्याची बंधने पूर्णपणे लागू होण्याची वाट न पाहता प्रत्येक केस पेपर खिडकीवर आणि रेकॉर्ड विभागाच्या दारावर ठळक मराठीत एक फलक लावावा: रुग्णाला आपले कागद किती तासांत मिळतील, रुग्ण असमर्थ असल्यास ते कुणाला मिळतील, आणि नकार मिळाल्यास तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे करायची. दाखल करतानाच्या अर्जात नामनिर्देशनाची ओळ घालावी. टीपीए, प्रयोगशाळा, औषध दुकान यांना कोणते कागद कोणत्या दिवशी गेले, याची नोंद रुग्णाला मागता क्षणी दाखवावी. रेकॉर्ड विभागात किमान एक कायम कर्मचारी असावा आणि त्याला प्रशिक्षण मिळावे. निवृत्त झालेले आम्ही काही जण हे शिकवायला विनामोबदला येऊ. आम्हाला कुणी बोलावले मात्र पाहिजे.

बंधू आता घरी आहेत, हळूहळू शब्द जुळवू लागले आहेत. हे पत्र पाठवण्यापूर्वी मी त्यांना ते वाचून दाखवले आणि त्यांच्या आजाराचा उल्लेख करू का, असे विचारले. त्यांनी मानेने होकार दिला, मात्र नाव घालू नकोस असे डाव्या हाताने खुणावले. म्हणून पत्राखाली माझेही नाव छापू नये, ही विनंती. नाव व पत्ता आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त रेकॉर्ड विभाग कर्मचारी,
लालबाग, मुंबई